भाऊंच्या तिथीचा डाव

अंधेरी,
१४ फेब्रुवारी १९५५

प्रिय उत्तरा,

शनिवारी दुपारी आपण दोघी मागच्या पायरीवर बसून शाळेचे कॅनव्हासचे बूट पांढरे करत असू. बशीत भिजवलेला खडू, जुन्या परकराची चिंधी आणि मध्ये आईने ठेवलेली भाजक्या शेंगदाण्यांची वाटी. मी बुटांवर एक हात फिरवायची, ते उन्हात टाकायची आणि भाऊंच्या समोर डावाला जाऊन बसायची. तू मात्र पहिला हात वाळेपर्यंत थांबायचीस, मग दुसरा द्यायचीस, नाड्या वेगळ्या धुऊन पुन्हा ओवायचीस. सोमवारी प्रार्थनेच्या रांगेत मदर बर्नादेत तुझ्या बुटांकडे बघून मान हलवायची आणि माझ्या बुटांकडे बघून न बघितल्यासारखं करायची. मला त्याचं काही वाटत नसे. बूट काय, कोणीही पांढरे करील.

परवापासून हे सारखं आठवतंय. दिवाणखान्यातला कोनाडा रिकामा आहे. शेवंती रोज सकाळी भाऊंचा एकेक मोहरा उचलून पुसायची. काल फडकं घेऊन तिथं उभी राहिली आणि म्हणाली, "बाय, आता हय काय पुसू?" मी म्हटलं, "काही पुसू नकोस. भात बघ."

भाऊ गेल्यापासून दर वर्षी त्यांच्या तिथीला तू मुलुंडहून येतेस, तुझा बाळ आजोबांचं श्राद्ध करतो, पानं उठली की आपण दोघी त्यांच्या त्या सावंतवाडीच्या लाल-हिरव्या मोहऱ्यांनी एक डाव खेळतो आणि जी जिंकेल तिच्या घरी मोहरे वर्षभर राहतात. नियम आपण दोघींनीच केला. तू हसून म्हणायचीस, "ताई, नियम कशाला? ते तुझ्याच घरी राहणार आहेत." आणि राहत होते. एकदाही या घराबाहेर गेले नाहीत. म्हणूनच बहुतेक तो नियम मला इतका आवडायचा.

परवा माझा हत्ती तुझ्या राजासमोर आला होता. एक खेळी, आणि मात. मी ते पाहिलं होतं. तूही पाहिलं होतंस. तुझा हात पदराच्या काठाशी चाळा करायला लागला होता. पण हत्तीने केलेली मात ही काय मात? अशी मात झाली की भाऊ नुसतं "हं" म्हणायचे. प्याद्याने मात झाली की मात्र उठून स्वयंपाकघरात हाक द्यायचे, "अहो, कुंदीने प्यादी मात केली, काहीतरी गोड करा." सगळ्यात लहान मोहऱ्याने राजा अडवायचा, यातच त्यांचं बुद्धिबळ होतं आणि ते त्यांनी मला दिलं होतं. म्हणून मी हत्ती तसाच ठेवला आणि प्यादं सरकवलं. पुढच्या खेळीला प्यादी मात होती.

तू घोडा उचललास. पूर्वी अशा वेळी तू पटाकडे बघत बसायचीस, सुस्कारा टाकायचीस आणि शेवटी चुकीचंच काहीतरी हलवायचीस. परवा तू फडताळातून रोजची वाटी काढावी तसा तो घोडा उचललास आणि माझं प्यादं खाल्लंस. त्यानंतर तू मला हळूहळू संपवलंस. कुठे घाई नाही, कुठे हौस नाही. मोहऱ्याला मोहरा, घराला घर, आणि शेवटी एक राजा, एक हत्ती आणि माझा राजा कोपऱ्यात. तुला मात देताना चेहऱ्यावर काही आणावं असंही वाटलं नाही.

"हे कुठे शिकलीस?" मी विचारलं.

"शिकतेच आहे, ताई. श्यामकांत वर्दे म्हणून आहेत, शाळेत गणिताचे मास्तर होते. आठवड्यातून दोनदा घाटकोपरहून येतात. बाकीचे दिवस मी एकटीच करते, पहाटे, सगळे उठायच्या आत."

"पन्नाशीत शिकवणी?"

"मग कधी लावू?" तू म्हणालीस आणि बाळ हसला.

मी हसले नाही. तू ते मोहरे पेटीत भरलेस, पटाची घडी केलीस, आणि माझ्या हातच्या वड्यांचा डबा त्यावर ठेवून निघालीस. फाटकापाशी वळून म्हणालीससुद्धा, "पुढच्या वर्षी तूच घेऊन येशील परत." कीव करणं मला कळतं, उत्तरा.

माझं एवढंच म्हणणं आहे. तो नियम आपल्या दोघींचा होता. भाऊंनी जे शिकवलं त्यावर खेळायचा होता. मास्तर ठेवून, बाहेरचं शिकून येऊन भाऊंचा डाव जिंकायचा, हे मला त्या नियमात बसत नाही. मोहरे परत पाठव. बाळ बँकेतून येता येता आणून देईल. पुढच्या वर्षी बरोबरीने खेळू.

ते तू कुठे ठेवलेस तेही कळव. स्वयंपाकघराजवळ ठेवू नकोस, लाखेला धग लागते.

तुझी
ताई


अंधेरी,
११ सप्टेंबर १९५५

चि. उत्तरा हिस,

तुझं कार्ड आलं. सात महिन्यांत तुझं हे पहिलं अक्षर, तेही एका ओळीचं. "ताई, बाळशी काय बोललीस?" सांगते.

नारळी पौर्णिमेनंतर मी न कळवता तुझ्याकडे आले ते तुझ्यावर पाळत ठेवायला नाही. नारळाच्या वड्या केल्या होत्या. दार उघडंच होतं. व्हरांड्यात तू बसली होतीस आणि माझ्याकडे पाठ करून तुझे वर्दे मास्तर. मला वाटलं होतं कोणी धोतर-टोपीतला म्हातारा असेल. ते तर चांगले ताठ, केस मागे वळवलेले, विजार इस्त्रीची. पटावर तीनच मोहरे. दोन राजे आणि एक प्यादं. तू एक राजा सरकवलास. ते म्हणाले, "पुन्हा." तू सगळं जागच्या जागी ठेवून पहिल्यापासून सुरू केलंस. ते पुन्हा म्हणाले, "पुन्हा." मी दारात उभी होते. तू मला पाहिलंस, मान हलवलीस आणि पुन्हा पटाकडे वळलीस. सख्खी बहीण अंधेरीहून आली आहे आणि तुला त्या तीन मोहऱ्यांतून डोकं वर काढता येईना. वड्या मीच आत नेऊन ठेवल्या.

मी विचारलं ते गंमत म्हणून विचारलं. "तीन मोहऱ्यांत शिकायचं ते काय असतं हो?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची ओढून दिली. "बसा ना. तुम्ही भाऊसाहेबांच्या मोठ्या कन्या. उत्तराबाई सांगतात तुमचा हात फार सुंदर आहे म्हणून. तुम्ही राजा आणि प्यादं घ्या. त्यांच्याकडे नुसता राजा. जिंकून दाखवा."

एवढं सोपं. प्यादं शेवटच्या घरात नेलं की वजीर होतो आणि वजिरापुढे एकटा राजा काय करणार. मी प्यादं पुढे काढलं. तुझा राजा त्याच्या तोंडाशी येऊन उभा. मी माझा राजा आणला, प्यादं ढकललं. तू एक पाऊल मागे गेलीस, पुन्हा समोर आलीस. शेवटी माझं प्यादं एका घरावर येऊन अडकलं. तुझ्या राजाला हलायला जागा नाही, शहही नाही. डाव बरोबरीत. मी म्हटलं, पुन्हा मांडा. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मांडताना तू हळूच म्हणालीस, "ताई, राजा आधी. प्यादं मागून."

लहान मुलीला वेणी घालताना मान सरळ धर म्हणावं, तशा आवाजात. कोण कोणाला सांगत होतं? भाऊ तुला म्हणायचे, उत्तरे, तू आपली सोंगट्या खेळ. तुला घोडा कसा चालतो ते मी शिकवलं, अंगणात कोळशाने चौकटी काढून, तुला अडीच घरं उड्या मारायला लावून.

येताना मला सारखा शाळेतला पियानो आठवत होता. सिस्टर तुला तासभर नुसते सूर चढ-उतार वाजवायला लावायची. मी दाराशी उभी राहून ऐकायची आणि तुझा तास संपला की बसून एखादं अख्खं गाणं कानाने वाजवून टाकायची. मुली गोळा व्हायच्या. तू पुस्तकं आवरत असायचीस. मला ते दिवस आठवतात तेव्हा त्या मुलींचे चेहरे आठवतात, तुझा आठवत नाही. आता वाटतं एकदा तरी बघायला हवा होता.

ते राहू दे. बाळचं विचारलंस.

तो मला स्टेशनापर्यंत सोडायला आला होता. मी म्हटलं, "बाळ, हे मास्तर रोज येतात का रे?"

"रोज नाही मावशी, मंगळवार-शुक्रवार."

"तू असतोस घरी?"

"मी कसा असेन? मी बँकेत."

"आणि सुनंदा?"

"ती माहेरी गेलीय ना, सातवा लागला तिला."

"बरं," मी म्हटलं. "शेजारी काय म्हणतात?"

"कशाबद्दल?"

"काही नाही. मी आपलं विचारलं. तुमचा मुलुंडचा शेजार मला काय माहीत."

स्टेशनावर त्याने माझं तिकीट काढलं, हातात दिलं, वाकून नमस्कार केला. बस्स. यात खोटं काही बोलले का मी? मोठी बहीण आहे, विधवा बहिणीच्या घराची काळजी मी नाही तर कोण करणार? नंतर बाळने मास्तरांना येऊ नका म्हणून सांगितलं असेल तर ते त्याचं ठरवणं. घराचा कर्ता तो आहे.

आणि तुझं अडलंय कुठे? पहाटेचे तास आहेतच तुझे.

मोहरे कुठे ठेवलेस ते तू अजून कळवलं नाहीस.

ताई


अंधेरी,
८ जानेवारी १९५६

उत्तरा,

दिवाळीला पाठवलेला फराळ मिळाल्याचं सुनंदाने कळवलं. तिचं अक्षर छान आहे. मुलगी झाली हेही तिनेच कळवलं. नाव काय ठेवलंत ते तरी तू लिहायचंस.

तुला एक सांगायचं नव्हतं, पण तू बोलतच नाहीस तर लपवून तरी काय करायचं. मीही ते तीन मोहरे मांडते. मोहरे नाहीतच घरात, म्हणून पुठ्ठ्यावर चौकटी आखल्या. तुझा राजा म्हणजे टिंक्चरच्या बाटलीचं बूच. माझा राजा भाऊंच्या कोटाचं बटण. प्यादं म्हणून सुपारी. परवा सकाळी मांडायला गेले तर सुपारी नाही. शेवंतीला विचारलं.

"ती तुमची होती?" ती म्हणाली. "मी खाल्लंय."

"अगं, ते माझं प्यादं होतं."

"मगे दुसरा घ्या. डब्यात भरपूर असत."

तुला हसू येईल. मलाही आलं, पण नंतर. त्याआधी मी बरेच दिवस रडकुंडीला आले होते. मी बूच इथं ठेवते, बटण तिथं ठेवते, सुपारी पुढे ढकलते आणि दरवेळी तुझं ते बूच येऊन समोर उभं राहतं. कोणी खेळणारं नाही. दोन्ही बाजू मीच. मीच मला जिंकू देत नाही. मग तुझा तो आवाज आठवतो, राजा आधी. राजा आधी काढला की कळतं, दोन राजे समोरासमोर आले, मध्ये एक घर मोकळं राहिलं, की ज्याची पाळी असते त्याला बाजूला सरावं लागतं. सगळा खेळ पाळीचा. ते एवढंसं आहे. तेवढं कळायला मला दिवाळी संपली.

आणि कळलं म्हणून येत नाही हे त्याहून वाईट. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा मांडला की पुन्हा चुकते. मला आयुष्यात कुठली गोष्ट दोनदा करावी लागली नव्हती. भाऊंनी दाखवलं, मी केलं. शाळेत कविता एकदा ऐकली की पाठ. लोक म्हणायचे, कुंदाला उपजत आहे. मी त्यावर राहिले, उत्तरा. त्यावर घर केलं. तेवीस वर्षं मुलींना शिकवलं आणि ज्या मुली घोकून घोकून पहिल्या यायच्या त्यांच्याबद्दल मनातल्या मनात म्हणायचे, घोकंपट्टी आहे.

आता माझा हेवा कुठे येऊन बसला आहे तुला सांगू? तू मला हरवलंस याचा राहिला नाही. तू पहाटे उठून तोच राजा त्याच घरात ठेवत होतीस, मास्तर "पुन्हा" म्हणाले की पुन्हा ठेवत होतीस आणि तुला त्याचा कंटाळा येत नव्हता, याचा हेवा वाटतो. तुला ते आवडत होतं. तुझ्या तोंडावर दिसत होतं त्या दिवशी व्हरांड्यात. माझ्या गाण्याभोवती मुली गोळा व्हायच्या तेव्हा मला जे वाटायचं, ते तुला कोणी बघत नसताना वाटत होतं. ते मला कोणी दिलं नाही.

मास्तरांचं सगळं बंद झालं का? की घाटकोपरला जातेस तू? जात असशील तर मला राग नाही. नुसतं विचारते.

तिथी पुढच्या महिनाअखेरीस येते. भटजींना सांगून ठेवलं आहे. येशील ना? डाव नको असेल तर नको. जेवायला ये.

ताई


अंधेरी,
४ मार्च १९५६

प्रिय उत्तरा,

मोहरे कोनाड्यात आहेत. शेवंतीने काल सगळे पुसले. हिरव्या हत्तीचा तळ सुटला होता तो डिंकाने चिकटवला. मला वाटलं होतं, ते परत आले की मी शांत झोपेन.

तू आलीस तेव्हा वाटलं होतं डाव नको म्हणशील. तू पेटी आणली होतीस. पानं उठल्यावर स्वतःच पट अंथरलास. बाळ भटजींना पोचवायला गेला आणि आपण दोघीच उरलो. मी म्हटलं, "सवय आहे ना?" तू म्हणालीस, "बघू."

तू सुरुवात चांगली केलीस. पण मधेच तू थांबायला लागलीस. पूर्वीसारखी. मोहऱ्याला हात लावायचीस, काढून घ्यायचीस. एकदा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलीस, पाठांतर विसरलेल्या मुली पुटपुटतात तसं. मोहरे एकामागून एक पडत गेले आणि शेवटी पटावर काय उरलं ते तुलाही माहीत आहे. माझा राजा, माझं वजिराच्या ओळीतलं एक प्यादं, आणि तुझा एकटा राजा. तेच तीन मोहरे. मी भाऊंची शपथ घेऊन सांगते, मी ते मुद्दाम घडवून आणलं नव्हतं.

तुझी पाळी होती. तुला फक्त सरळ मागे जायचं होतं. एक घर, सरळ मागे. मला ते ठाऊक होतं, बुचाला मी किती वेळा तसं मागे नेलं आहे. आणि तुला ते माझ्याआधी ठाऊक होतं. मास्तरांनी तुला ते तोंडाला फेस येईपर्यंत करायला लावलं होतं. मी मनात म्हणत होते, सरळ मागे, उत्तरा, सरळ मागे जा. तू राजा उचललास, जरा वेळ हातात धरलास आणि तिरका ठेवलास.

ठेवल्याबरोबर तुला कळलं. मला दिसलं.

माझा राजा पुढे आला. प्यादं मागून आलं. पुढे शिकण्यासारखं काही नव्हतं.

तू पट बघत बसलीस. मग म्हणालीस, "ताई, तू शिकलीस."

"हो," मी म्हटलं.

"एकटीने?"

"पुठ्ठ्यावर."

तेव्हा तू मान वर केलीस आणि माझ्याकडे बघितलंस. ते बघणं मी ओळखलं. गेलं वर्षभर आरशात तेच बघत होते. तू माझा हेवा करत होतीस, उत्तरा. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. मी डाव जिंकले म्हणून नाही. मी करत होते आणि तुझं सुटलं होतं, म्हणून.

"तुझे पहाटेचे तास?" मी विचारलं.

"मास्तरांचं बंद झाल्यावर बाळने मोहरे कपाटावर ठेवले," तू म्हणालीस. "म्हणाला, आई, आता पुरे, लोक बोलतात. मी म्हटलं, ठेव. आज खाली काढले ते त्यानंतर पहिल्यांदा."

तू हे सांगताना तक्रार केली नाहीस. केली असतीस तर मला उत्तर देता आलं असतं. तू तुझं पातळ सारखं केलंस, मोहरे माझ्याकडे सरकवलेस आणि आत जाऊन शेवंतीला म्हणालीस, "वड्या नको बांधूस गं माझ्यासाठी." तू जिंकून गेलीस तेव्हा वड्या घेऊन गेली होतीस. हरून गेलीस ती रिकाम्या हाताने.

मला हे जिंकणं नको आहे. परत करता येत असतं तर केलं असतं. पण मोहरे परत केले तर तू म्हणशील, कीव करणं मलाही कळतं.

थोडे दिवस थांब. मला काही करू दे. पत्राला उत्तर नको.

तुझी
ताई


अंधेरी,
१७ एप्रिल १९५६

प्रिय उत्तरा,

पाडव्याला बाळ आला होता गूळ-कैरी घेऊन. तू पाठवलास की तो आपणहून आला ते मी विचारलं नाही. त्याला पन्हं दिलं आणि समोर बसवलं.

"बाळ," मी म्हटलं, "तुझे शेजारी काही म्हणत नव्हते. मला कोणी काही सांगितलं नव्हतं."

त्याने भांडं खाली ठेवलं. "मग तू मला तसं का विचारलंस मावशी?"

"तुझ्या आईने मला हरवलं म्हणून."

तो बघत राहिला. तुझ्यासारखाच बघतो, पापणी न हलवता. "एवढ्यासाठी?"

"एवढं तुला एवढंसं वाटतं, कारण तुला बुद्धिबळ येत नाही."

"आईला माहीत आहे हे?"

"तिला माझ्याआधी माहीत होतं. नाहीतर त्या एका कार्डानंतर पत्र लिहिलं नसतं का तिने?"

मग तो बराच वेळ पन्ह्यातली वेलची बाजूला काढत बसला. शेवटी म्हणाला, "आता मी त्यांना कुठल्या तोंडाने बोलवू? मीच या म्हणायचं आणि मीच नको म्हणायचं. आणि आता खरंच बोलतील लोक."

"तुला बोलवायला नको. आम्ही जाऊ."

"आम्ही कोण?"

"मी आणि तुझी आई. दोन म्हाताऱ्या बहिणी मास्तरांच्या घरी, त्यांच्या बायकोसमोर बसून शिकणार. यावर काय बोलतील ते बोलू देत."

तो हसला. गेल्या वर्षीच्या तिथीनंतर पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. "तू शिकणार, मावशी? तू तर म्हणायचीस, शिकवून आलेलं ते काय खरं."

"तू पन्हं पी," मी म्हटलं.

रविवारी मी घाटकोपरला गेले. कुर्ल्याला बस बदलावी लागते, उन्हाची तलखी, पण घर लगेच सापडलं. वर्दे मास्तर दारातच होते. त्यांच्या मंडळी सुलक्षणाबाई मोठ्या गोड आहेत, सगळा वेळ गहू निवडत तिथंच बसल्या होत्या. मी जे सांगायचं ते त्या दोघांसमोर सांगितलं. त्यांचा जो अपमान झाला तो माझ्यामुळे झाला, बाळचा त्यात दोष नाही, एवढंच. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "उत्तराबाईंचा सराव चालू आहे?"

"नाही."

"किती महिने?"

"ऑगस्टपासून."

एवढ्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. अपमानाने पडला नव्हता. "अरेरे," ते म्हणाले. "फार चांगल्या चालल्या होत्या हो. आता पुन्हा मागून सुरू करावं लागेल."

मग त्यांनी मला तीन मोहरे मांडून दिले. मी राजा आधी काढला. त्यांनी मला चार-पाच तऱ्हांनी अडवून बघितलं. मी जिंकले. मला वाटलं काही म्हणतील.

"हे येतंय," ते म्हणाले. "बाकीचं अंगचं आहे. हौसेने खेळता. प्याद्याने मात करायला जाऊन किती डाव घालवलेत?"

"मोजले नाहीत."

"तर तुमची सुरुवात पहिल्यापासून. उत्तराबाई तुमच्या पुढे आहेत, सुटलं असलं तरी पुढेच आहेत. दोघींना एकत्र बसवणार नाही. आधी त्यांचा तास, मग तुमचा. तोवर तुम्ही बाजूला बसून बघायचं. आणि घरी रोज दोन तास. जमेल?"

"जमेल."

"बोलायला सोपं असतं," ते म्हणाले आणि सुलक्षणाबाई गव्हातून मान वर न करता म्हणाल्या, "बसा हो, ते सगळ्यांनाच असं बोलतात."

येताना मी काय विचार करत होते सांगू? तुझा तास आधी, याचाच. मास्तर तुझ्याशी बोलतील, तू मान हलवशील, आणि मी भिंतीशी बसून बघेन. अजून वाटतं मला तसं. जाणार नाही बहुधा. पण तू कपाटाकडे बघत मुलुंडला बसलेली आहेस, हे वाटणं त्याहून वाईट आहे, ते मी गेला महिनाभर भोगलं आहे. मंगळवार-शुक्रवार ठरवून आले आहे. तू येत्या शुक्रवारी ये. आली नाहीस तर मी एकटी शिकेन आणि पुढे जाईन, हे लक्षात ठेव.

तिथीचा डाव चालूच राहील, पण मोहरे आता कोणी जिंकायचे नाहीत. त्यांची वाटणी मी केली आहे, ती अशी.

पेटीही पाठवते, ती सुनंदाकडे दे. तिला ती पहिल्या दिवसापासून आवडली होती, बाळीची झबली-टोपडी राहतील त्यात. आईने शिवलेला पट मास्तरांच्या घरी राहील. सुलक्षणाबाईंना सांग तो धुवायचा नाही, नुसता झटकायचा. घरच्या सरावासाठी मी बाजारातून साधे लाकडी मोहरे आणले आहेत, एक जोड तुला, एक मला. बाळ उद्या बँकेतून येईल, तुझा जोड त्याच्याजवळ देत आहे. तो कपाटावर ठेवू नकोस.

भाऊंचे हिरवे मोहरे त्याच्याबरोबरच पाठवते. ते तुझे. हत्ती जपून उचल, डिंकाचा भरवसा नाही. लाल माझ्याकडे राहतील. म्हणजे भाऊंच्या मोहऱ्यांनी तुला माझ्याखेरीज कोणाशीही खेळता येणार नाही. मास्तरांशीसुद्धा नाही.

तुझी
ताई